भिंतीतला जोड

दत्तानं हॉल नवा करायला काढला तेव्हा त्याची अट एकच होती. एकही वायर दिसता कामा नये. टीव्हीची नाही, स्पीकरची नाही, दिव्याचीसुद्धा नाही. ही अट कुठून आली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या बंगल्यातल्या चुलतभावानं, हैबतरावानं, उन्हाळ्यात मोठा टीव्ही आणि पाच स्पीकर आणले होते आणि त्यांच्या वायरी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत घालून भिंतीभर फिरवल्या होत्या. दत्ता ते बघून आला, हात धुऊन जेवायला बसला आणि मोठ्या समाधानानं म्हणाला, "भिंतीवर गांडुळं सोडल्यागत दिसतंय समदं."

मेधा भाकरी वाढत होती. ती दत्ताच्या धाकट्या भावाची, निलेशची बायको. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, पौडच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. भुकूमच्या या घरात आल्यापासून तिनं एक निरीक्षण केलं होतं आणि ते अजून एकदाही चुकलं नव्हतं. इथं कुठलीही वस्तू काय करते याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. ती हैबतरावाच्या गॅलरीतून कशी दिसते एवढंच बघतात. गच्चीवरच्या सोलर बंबाचं तोंड दक्षिणेला हवं. या घराच्या बंबाचं पश्चिमेला होतं, कारण रस्ता पश्चिमेला होता. पाणी कोमट यायचं, आणि हल्ली उन्हातच जोर राहिला नाही असं दत्ता आल्यागेल्याला सांगायचा.

हॉलचं चित्र बावधनच्या एका इंटीरियरवाल्यानं काढून दिलं. चित्रातल्या भिंतीवर टीव्ही नुसता तरंगत होता. त्याला वीज कुठून मिळते हे चित्रात विचारायचं नसतं. प्रत्यक्षात ते काम राजू वायरमनकडे आलं. राजू गावातलाच. दत्ता म्हणेल ते करायचं आणि दत्ता नसला की तो काय म्हणाला असता ते करायचं, एवढी त्याची कामाची पद्धत.

त्यानं कटरनं भिंतीला झिऱ्या मारल्या, म्हणजे वायरींसाठी लांब खाचा पाडल्या. घरभर पांढरी धूळ झाली. मेधा कॉलेजातून आली तेव्हा झिरीत एकच पाइप बसलेला होता आणि राजू त्यात विजेची वायर आणि स्पीकरच्या वायरी एकत्र ओढत होता.

"राजूभाऊ, स्पीकरला वेगळा पाइप घ्या," ती म्हणाली. "विजेच्या वायरीला चिकटून स्पीकरची वायर नेली की स्पीकर घुमतो. घूं असा आवाज येत राहतो."

"वैनी, दुसऱ्या पायपाला दुसरी झिरी मारावी लागंल."

"मग मारा."

राजूनं दत्ताकडे पाहिलं. दत्ता खुर्चीवर बसून मोबाइलमध्ये टीव्हीच्या जाहिराती बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मेधा, तुझ्या पुस्तकात घुमत आसंल. आपल्या पाच स्पीकरांम्होरं कशाचा आवाज येतुया?"

मेधा आत गेली. ती भांडणारी नव्हती. एखादी गोष्ट एकदा, नेमक्या शब्दांत सांगायची आणि समोरच्याला ती कळली नाही तर तो त्याचा प्रश्न, असं तिचं धोरण होतं. वर्गात ते चालायचं, कारण वर्गात शेवटी परीक्षा असते.

खरी चूक त्यानंतर झाली. भिंत लिंपून झाल्यावर दत्ताला वाटलं, वूफर, म्हणजे खोल आवाजाचा, विजेवर चालणारा मोठा स्पीकर, कोपऱ्यात नको, टीव्हीच्या खाली मधोमध हवा. म्हणजे खोलीत शिरणाऱ्याला पहिला तोच दिसेल. राजूनं पुन्हा भिंत फोडली, पण विजेची वायर मधोमध पोचेना. हातभर कमी पडली. नवी वायर बोर्डापासून ओढायची तर अख्खी झिरी उकलावी लागली असती. राजूनं तुकडा घेतला, दोन्ही टोकं सोलली, एकमेकांभोवती पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. जमिनीपासून वीतभर उंचीवर.

"इथं डबी बसवा," मेधा म्हणाली. "जोड भिंतीत पुरायचा नसतो. डबीत घ्यायचा, म्हणजे उघडून बघता येतो आणि ओल लागत नाही."

"डबी बसवली की झाकण आलं," राजू म्हणाला.

"येऊ दे."

"झाकण दिसंल," दत्ता म्हणाला, आणि विषय संपला.

सिमेंटचा एक थापा जोडावर बसला, त्यावर पुट्टी, त्यावर बावधनहून आलेलं लाकडी पट्ट्यांचं पॅनेल. मेधानं भिंतीकडे एकवार पाहिलं. या भिंतीच्या पलीकडे देवघर होतं. हे तिच्या मनात आलं की नाही, तिला पुढे नीट सांगता आलं नसतं. त्या वेळी तिच्या मनात मुख्यतः एकच गोष्ट होती, की चार इंचाचं झाकण दिसू नये म्हणून माणसं काय काय पुरून टाकतात. आणि तेवढ्यावर तिचं समाधान झालं होतं.

नवरात्र आलं. घटासाठी काळी माती लागते, आणि ती आपल्या रानातली असावी लागते. या घराला पिढ्यान्‌पिढ्या मातीची ददात नव्हती. पण ओढ्याकडचं रान दोन वर्षांपूर्वी विकलं होतं आणि तिथं आता पत्र्याचं कुंपण होतं. दत्तानं ड्रायव्हरला पिशवी देऊन पाठवलं. कुंपणाच्या फाटकावर बिहारकडचा एक वॉचमन होता. त्यानं विचारलं, मिट्टी का क्या करोगे, और आप कौन. ड्रायव्हर रिकामी पिशवी घेऊन परत आला.

रंभाबाई, म्हणजे दत्ता आणि निलेशची आई, देवघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. घरातल्या सुना त्यांना आत्या म्हणायच्या.

"त्यो कोन इचारनार?" आत्या म्हणाल्या. "सांगायचं, दत्तानं धाडलंय म्हनून."

"सांगितलं व्हतं, आई. त्याला दत्ता कोन ते ठावं न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

मेधा कपात चहा गाळत होती. तिनं हसू दाबून पुढचा कप ओढला.

दत्ता गाडी काढून गेला आणि महामार्गाकडच्या नर्सरीतून दोन रंगीत गोण्या घेऊन आला. गोणीवर गुलाबाचं चित्र होतं. आत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि खत. हलकं, तपकिरी, हाताला मऊ.

"ही माती न्हाई," आत्या चिमूट चोळत म्हणाल्या.

"मातीपरीस भारी हाय. लोकं बाल्कनीत ह्याच्यातच समदं पिकवत्यात."

"आक्खं रान व्हतं आपल्याला," आत्या म्हणाल्या.

मोठी जाऊ रजनी, दत्ताची बायको, मध्ये पडली. "आत्या, देवीला काय कळतंय का माती कंची ते? भाव असला म्हंजी झालं." तिनं पत्रावळीवर तो भुसा पसरला, सात धान्यं पेरली, मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला, आणि घट बसला. दरवर्षी बसायचा तिथंच, देवघरातल्या भिंतीला टेकून, जमिनीवर. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला नवा टीव्ही होता.

काळ्या मातीवर पाणी शिंपडलं की थोडं मुरतं, थोडं वाहून जातं, बाकीचं दुपारपर्यंत वाळतं. काथ्याचा भुसा तसा नाही. तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो आणि सोडत नाही. भिंतीला टेकवला की हळूहळू भिंतीला पाजतो. त्यात खत असलं की त्या पाण्यातून वीजही छान वाहते. हे मेधाला माहीत होतं. पण घट बसवताना ती कॉलेजात होती, आणि घरी आल्यावर तिनं गोणीवरचं गुलाबाचं चित्र पाहिलं, तेवढंच.

पहिल्या माळेच्या आरतीला दत्तानं हॉलमधले पाचही स्पीकर लावले. आरती मोबाइलवरून वाजली. ती संपली आणि सगळे हात जोडून उभे असताना भिंतीतून एक आवाज आला. खोल, सलग, घूं.

शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या होत्या. एकीनं कपाळ जमिनीला टेकवलं. "हुंकारतीया गं आई," ती म्हणाली.

"स्पीकर घुमतोय," मेधा म्हणाली. एकदा, नेमक्या शब्दांत.

कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या माळेला वस्तीवरून दहाबारा बाया आल्या. आरतीनंतर सगळ्या गप्प राहून भिंतीकडे कान देऊन उभ्या राहिल्या. रजनीच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. मेधानं दत्ताकडे पाहिलं. त्याच्या हातात रिमोट होता आणि अंगठा हळूच आवाज वाढवत होता. म्हणजे त्याला कळलेलं होतं. मूर्खपणाबद्दल मेधाला जो तिटकारा वाटायचा तो तरी सरळ होता. हे पाहून तिला काय वाटलं त्याला तिच्याजवळ शब्द नव्हता, आणि तिनं शोधलाही नाही.

तिसऱ्या माळेला सकाळी आत्यांनी घटाला पाणी घातलं आणि घरातली वीज गेली.

शेजारी वीज होती. निलेशनं जिन्याखालचा बोर्ड उघडला. मुख्य स्विचच्या शेजारी एक ट्रिपर होता. कुठंही वीज गळायला लागली, कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागली, की तो आपण होऊन खाली पडायचा आणि सगळं घर बंद करायचा. तो खाली पडला होता. निलेशनं वर केला. संध्याकाळी आत्यांनी पाणी घातलं, पुन्हा पडला. चौथ्या माळेला सकाळीही तेच.

मेधा देवघरात जाऊन खाली वाकली. घटामागची भिंत वीतभर उंचीपर्यंत गडद झाली होती. तिनं हात लावला नाही. बघताक्षणी तिला सगळं दिसलं, फळ्यावर काढल्यासारखं : भुसा, ओली भिंत, पिळलेला जोड, काळी टेप.

"अगं, दादाला सांग ना मग," निलेश म्हणाला. तो हिंजवडीला निघाला होता आणि बुटाची लेस बांधत होता.

"तुझा भाऊ आहे. तू सांग."

"मी सांगितलं की त्याला वाटतं मी तुझं ऐकून बोलतोय. दसऱ्यानंतर शांतपणे बोलू. तोपर्यंत ट्रिपर आहे ना?"

तिनं दत्ताला सांगितलं. "पॅनेल काढून जोड बाहेर घ्यायला हवा, नाहीतर घट भिंतीपासून हलवायला हवा."

"घट हालवायचा?" रजनी म्हणाली. "बसलेला घट हालवत्यात का कुटं? मेधा, तुमच्यात काय करत्यात ते ठावं न्हाई, पर आमच्यात असलं चालत न्हाई."

"आन् पॅनेल काय निघायचं न्हाई," दत्ता म्हणाला. "त्याला खिळं दिसत न्हाईत, चिकटवल्यालं हाय. काढलं का तुकडं."

"मग हॉलची वीज बंद ठेवा दसऱ्यापर्यंत."

दत्ता हसला. उद्या पाचव्या माळेला त्यानं हैबतरावाला आरतीला आणि नंतर जेवायला बोलावलं होतं.

मेधानं वाद घातला नाही. मनातल्या मनात ती निलेशशी सहमत होती, आणि त्याचा तिला रागही आला. ट्रिपर होता. तळहाताएवढी पांढरी डबी, आणि या घरात त्या डबीइतकी अक्कल दुसऱ्या कुणाला नव्हती. ती डबी जागेवर आहे तोवर आत्यांना काही होणार नव्हतं, आणि बाकीच्यांना मनसोक्त तुच्छ लेखायला मेधा मोकळी होती.

पाचव्या माळेला ती कॉलेजातून आली तेव्हा राजूची मोटारसायकल फाटकातून बाहेर पडत होती.

"काय काम होतं, राजूभाऊ?"

"काय न्हाई, वैनी. ट्रिपरचा तरास व्हता, त्यो घालवला. शेठनं सांगितलं व्हतं." त्यानं गाडी थांबवली नाही.

जिन्याखालच्या बोर्डाचं दार उघडंच होतं. ट्रिपर जागच्या जागी होता, पण त्याच्या वरून लाल-काळ्या वायरींचे दोन तुकडे थेट पलीकडे नेले होते. वीज आता त्याला वळसा घालून चालली होती. तो दिसायला तसाच होता. दिसण्यापुरता ठेवला होता.

मेधानं पर्स खाली ठेवली, चपला पायांतच ठेवल्या आणि स्वयंपाकघराच्या खणातला टेस्टर घेऊन देवघरात गेली. रजनी तिच्या पायांकडे बघून काही म्हणणार होती, पण मेधानं तोवर टेस्टरचं टोक घटाच्या भुशात खुपसलं होतं. अंकुर बोटभर वर आले होते, पिवळसर. टेस्टरच्या दांड्यातला दिवा लाल पेटला.

तिनं टोक बाहेर काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा पेटला.

दत्ता हॉलमध्ये सोफ्याच्या उशा सारख्या करत होता. सोवळं नेसून तयार होता.

"घटात वीज उतरलीय," मेधा म्हणाली. "मी आत्ता बघितलं. ट्रिपर तुम्ही निकामी केलात. आत्या आता आरतीला अनवाणी बसतील आणि त्यात ओला हात घालतील."

"टेस्टर कशातबी पेटतुया."

"कशातही नाही पेटत."

"आता ती लोकं दारात आल्यात. ती गेली का राजूला बोलावतो. तासाभराचा प्रश्न हाय."

"पाणी आरतीच्या वेळेला घालतात, दादा. जेवणानंतर नाही."

दत्तानं तिच्याकडे पाहिलं. त्याला पटलं होतं. तिनं ते स्पष्ट बघितलं. टेस्टरच्या दिव्यासारखं ते त्याच्या डोळ्यांत एकदा पेटलं आणि विझलं. मग फाटक वाजलं आणि तो हसऱ्या चेहऱ्यानं दाराकडे गेला.

हैबतराव बायकोला घेऊन आला होता. तो हॉलमध्ये उभा राहिला, सगळ्या भिंती बघितल्या, पॅनेलवरून नजर फिरवली, वाकून वूफरच्या मागं बघितलं.

"वायरी कुटं हायेत रं?"

"हायेत की," दत्ता म्हणाला.

"दिसत न्हाईत."

"दिसाया कशाला पाहिजेत?"

हैबतराव काही बोलला नाही. दत्तानं इतके दिवस, इतकी धूळ, इतका आटापिटा केला होता तो या न बोलण्यासाठी. तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला, आणि त्या क्षणभरात मेधाला वाटलं, की या माणसाला आता कुणी सांगितलं घर पडतंय, तरी तो म्हणेल थोडं थांब.

सगळे देवघरापाशी जमले. आत्या पाटावर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, पाय जमिनीवर. शेजारी पाण्याची वाटी. मेधा आत गेली नाही. ती जिन्याखाली, उघड्या बोर्डापाशी उभी राहिली. तिथून देवघराचं दार समोर होतं. तिनं बोट मुख्य स्विचवर ठेवलं. ती तो आत्ताच पाडू शकली असती. तिनं पाडला नाही. तिला आधी एक गोष्ट बघायची होती.

"दादा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, कारण ती सहसा बोलायची नाही. "आज पाणी तुम्ही घाला. पाचवी माळ आहे. सोवळंही नेसलाय. घरचा कर्ता पुरुष आहात."

"व्हय की," हैबतराव म्हणाला. "आमच्यातबी पाचव्याला मीच घालतो."

दत्ता पुढे झाला. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. तो घटासमोर उकिडवा बसला. त्याचे पाय अनवाणी होते. त्यानं वाटीत बोटं बुडवली, हात घटावर नेला, आणि तो हात तिथंच राहिला. बोटांवरून पाण्याचा एक थेंब अंकुरांवर पडला. थेंब पडताना दत्ता दचकला. पाणी शिंपडून मग भुसा हातानं दाबायचा असतो, कोंब उघडे पडू नयेत म्हणून. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याची वाट बघत होते.

दत्तानं हात मागं घेतला.

"न्हाई," तो म्हणाला. "आईच्या हातचं पाणी हाय हे. तिचा मान मी कसा घेऊ?" त्यानं वाटी उचलली आणि आत्यांच्या हातात दिली. "घाल, आई. तूच घाल."

आत्यांनी वाटी घेतली. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो उठून मागं सरकला होता, दोन पावलं, भिंतीपासून लांब, आणि सोवळ्याला हात पुसत होता. त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. पोरगं तापलंय का हे बघायला कपाळाला हात लावावा तशी त्यांची नजर त्याच्या तोंडावर फिरली. मग त्यांनी मान वळवून दारातून मेधाकडे पाहिलं.

मेधानं स्विच पाडला.

घर बंद झालं. टीव्हीच्या भिंतीतला आवाज मध्येच तुटला. तो आवाज आधीपासून चालू होता हे तो थांबल्यावर सगळ्यांना कळलं. देवघरात समईचा उजेड होता, तेवढाच.

"लाईट गेली काय?" हैबतराव म्हणाला. खिडकीतून त्याला समोरचा स्वतःचा बंगला दिसत होता, दिव्यांनी भरलेला. "आमची तर हाय."

मग दत्ता म्हणाला, "देवीला आवाज सोसला नसंल." त्याचा आवाज परत जागेवर येऊ लागला होता. "राजूला फोन लावतो. पाच मिंटांत चालू करील."

आत्यांनी हात पाण्यात बुडवला, घटावर शिंपडला, तळव्यानं भुसा चारी बाजूंनी सावकाश दाबला. मेधानं पाडलेल्या स्विचवरचं बोट काढलं नाही.

"कुनाला फोन लावू नगं," आत्या म्हणाल्या. त्या मागं वळल्या नाहीत. "देवीनं बंद केलंय नव्हं? तूच म्हनालास. मंग दसरा हुईस्तवर हॉलात लाईट चालू करायची न्हाई. जो करील त्यो माझ्या हातचं जेवनार न्हाई. हैबता, तू ऐकलंस."

"ऐकलं, काकी," हैबतराव म्हणाला. त्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळलं होतं आणि तो ते घरी नेणार होता.

मेधा जिन्याखाली उभी होती. आत्या बोलल्या त्यातलं एक वाक्यही खरं नव्हतं. ती जे इतके दिवस खरं बोलत होती त्यानं एक खिळाही हलला नव्हता.

आरती तोंडी म्हटली गेली. जेवण मेणबत्त्यांत झालं. दत्ता पाहुण्यांना आग्रह करत राहिला, आणि हैबतरावाला हात धुवायला घेऊन जाताना अंधारात पॅनेलवरून हात फिरवून दाखवत होता, की बघ, कुठं लागतंय का हाताला. मेधाला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

पाहुणे गेल्यावर निलेशनं हॉलची लाइन वेगळी काढून बंद केली, ट्रिपरवरच्या वायरी उपटल्या आणि बाकीचं घर चालू केलं. हे सगळं करताना तो एकदाही मेधाकडे बघू शकला नाही.

सकाळी मेधा डबा भरत असताना आत्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी ओट्याचा खण उघडला, चाळला आणि टेस्टर बाहेर काढला.

"आत्या, हॉलची वीज बंद आहे. निलेशनं काढलीय. आता काही नाही."

"आसंल."

त्या देवघराकडे गेल्या. मेधा डबा तसाच ठेवून मागं गेली. आत्या पाटावर बसल्या आणि त्यांनी टेस्टरचं टोक भुशात घातलं, काल मेधानं घातलं होतं तसं. दिवा पेटला नाही. त्या वाकून दांड्यात बघत राहिल्या. त्यांची बोटं प्लॅस्टिकच्या दांड्याला होती.

"असा धरला तर तो कधीच पेटणार नाही," मेधा म्हणाली. "वीज असली तरी नाही. मागच्या पितळी टोपीवर बोट ठेवायचं. ठेवलं नाही तर तो खोटं सांगतो."

आत्यांनी बोट सरकवून टोपीवर ठेवलं. "आसं?"

"असं."

"हे मला आदीच सांगायचंस," आत्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगत बसलीस इतकं दिस? पानी मी घालतीया."

सांगता आलं असतं. झिरी उघडी होती तेव्हा, घट बसला तेव्हा, भिंत गडद झाली तेव्हा. तिनं सांगितलं होतं ते ज्यांना कळणार नव्हतं त्यांना.

आत्यांनी टेस्टर पुन्हा भुशात घातला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग भिंतीच्या कडेला. कुठंच पेटला नाही. तेव्हा कुठं त्यांनी वाटीत बोटं बुडवली.

"आता रोज आदी बगनार," त्या म्हणाल्या. "कुनी चालू केली आसली तर?"

"कुणी म्हणजे कोण, आत्या? तुम्ही सांगितल्यावर कोण चालू करेल?"

आत्यांनी पाणी शिंपडलं. वरच्या मजल्यावर दत्ता फोनवर कुणाशी तरी बोलत होता, मोठ्यानं हसत होता. त्याचं हसणं संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग भुसा दाबू लागल्या, एकेका बोटानं, फार जपून.